खोटी सुरी

भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात ‘पुस्त’ असा एक शब्द आहे. वाचकांनी पुस्तकाशी त्याची गल्लत करू नये. रंगभूमीवर पर्वत, रथ, विमाने, ढाली, चिलखते आणि ध्वज दाखवावयाचे, पण खरे आणावयाचे नाहीत, तेव्हा त्यांच्या ज्या प्रतिकृती कराव्या लागतात त्यांस पुस्त म्हणतात. त्याचे प्रकार तीन. जोडून, सांधून केलेले ते संधिम. यंत्राच्या युक्तीने चालणारे ते व्याजिम. आणि वस्त्रादिकांनी वेष्टून केलेले ते वेष्टिम. याच अध्यायात शस्त्रांची मापेही दिली आहेत. तलवार ४० अंगुळांची असावी असे तेथे सांगितले आहे. मात्र ती लोखंडाची असू नये, कारण लोखंडाच्या भाराने नट थकून जातो. लाकूड, कातडे, कापड, लाख, मेण, अभ्रक असल्या हलक्या द्रव्यांनी ती करावी. आणि सर्वांत महत्त्वाचे हे की, रंगभूमीवर शस्त्राने कोणास तोडू नये, भोसकू नये, प्रहारही करू नये. प्रहाराची नुसती खूण करावी.

शाळेत संस्कृत शिकविण्यात माझी तेहतीस वर्षे गेली, पण हा अध्याय कोणी अभ्यासक्रमास नेमला नाही. शाकुंतलाचा चौथा अंक, रघुवंशाचे दोन सर्ग आणि थोडी सुभाषिते यांतच विद्यार्थ्यांची आणि माझी वर्षे सरली. गेल्या वर्षी मात्र आहार्याभिनयाचा हा अध्याय ओळीने वाचण्याचा योग आला. कारण त्यात सांगितलेला धंदा आमच्याच घराच्या गच्चीवर दोन महिने चालू होता.

माझ्या धाकट्या बंधूंचा नातू मुंबईस चित्रपटांच्या कलाविभागात काम करतो. चित्रपटांत नटांच्या हाती ज्या वस्तू दिसतात, ज्यांस ती मंडळी ‘प्रॉप’ म्हणतात, त्या तो तयार करतो. ‘मुलगा काय करतो?’ असे स्थळांकडील मंडळींनी विचारले म्हणजे त्याच्या आईची मोठी पंचाईत होते. ‘खोट्या वस्तू करतो’ हे उत्तर कितीही खरे असले तरी बैठकीत शोभत नाही. श्रावणात तो सामानाची खोकी घेऊन आला. एका मारामारीच्या चित्रपटासाठी नायकाची सुरी करावयाची होती, आणि मुंबईच्या त्याच्या खोलीत हातपाय पसरण्यासही जागा नव्हती.

“एका सुरीला दोन महिने?” आमच्या वहिनींनी विचारले. “तुळशीबागेत चल, हव्या तेवढ्या घेऊन देते.”

“मोठी आजी, त्या चिरतात ना,” तो म्हणाला. “मला न चिरणारी हवी आहे.”

यावर वहिनी विळीवर बसून निमूटपणे घेवडा चिरू लागल्या. त्यांच्या मौनाचा अर्थ घरात सर्वांस कळतो.

माझी कल्पना अशी होती की, त्याचा पहिला प्रश्न पोलादाचा असेल, लांबीरुंदीचा असेल. पण वही उघडून त्याने वर लिहिले होते ते हे: ‘ही सुरी कोणाची? त्याला ती कोणी दिली? तो तिने रोज काय करतो?’ हे मला आवडले. मल्लिनाथही श्लोकास हात घालण्यापूर्वी कोण बोलतो आणि कोणास बोलतो हे आधी पाहतो.

या बाबतीत आदर्श म्हणून त्याने एके रात्री मजला ‘फर्स्ट ब्लड’ हा १९८२ चा अमेरिकन चित्रपट दाखविला. व्हिएतनामच्या युद्धातून परत आलेला रँबो नावाचा एक सैनिक, त्याला विनाकारण छळणारा एका लहान गावचा पोलीस अधिकारी, आणि मग डोंगरातील पाठलाग, एवढीच गोष्ट. त्यातील सुरी आर्कान्सा संस्थानातील जिमी लाइल या प्रसिद्ध सुरीकाराने घडविली होती. पाते ९ इंचांचे, पाठीवर करवतीचे दाते. मूठ आतून पोकळ, तीत काड्या आणि सुईदोरा. मुठीच्या टोपणात होकायंत्र. आणि मूठ व पाते यांच्यामधील आडव्या पट्टीची दोन टोके स्क्रू फिरविण्यासाठी घडविलेली. म्हणजे ती सुरी नसून एका माणसाचा संसारच होता. चित्रपटात तो तिच्या मुठीतील सुईदोऱ्याने स्वतःच्या दंडाची जखम शिवतो. पुढे तीच सुरी तो त्या पोलीस अधिकाऱ्याच्या गळ्याला लावतो, आणि सोडून देतो. सबंध चित्रपटात मनुष्य मरतो एकच, आणि तोही हेलिकॉप्टरमधून पडून. सुरीची ओळख प्रेक्षकांस पटली ती तिने कोणास मारले म्हणून पटलेली नाही.

पुढे १९८५ साली दुसरा भाग आला. सुरी लाइलचीच, पण पाते इंचभर वाढले. १९८८ च्या तिसऱ्या भागासाठी गिल हिबेन या दुसऱ्या कारागिराने निराळी आणि अधिकच दांडगी सुरी केली. त्या भागांत मेलेल्यांची संख्या किती पटींनी वाढली ते मोजण्याचा नाद मी अर्ध्या तासात सोडला आणि निजावयास गेलो.

आपल्याकडेही याचे उदाहरण आहे, आणि ते मला अधिक जवळचे वाटते. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे ‘कट्यार काळजात घुसली’ हे नाटक १९६७ साली रंगभूमीवर आले. २०१५ साली त्याचा चित्रपट निघाला. राजगायकास मिळणारी ती कट्यार, आणि तिने केलेला एक खून माफ असण्याचा तो अधिकार. सारे नाट्य त्या एका वस्तूभोवती फिरते, आणि प्रेक्षक घरी घेऊन जातात ते गाणे. ती कट्यार बोथट आहे की धारदार, असा प्रश्न कोणाच्या मनातही येत नाही.

आता आमच्या सुरीकडे वळतो. चित्रपटाचा नायक कोकणातील एका बंदरावरचा खलाशी होता. चित्रसंस्थेने मात्र जे चित्र पाठविले होते ते पाहून मी चष्मा पुसला. आकार कोयत्यासारखा, पाठीवर दाते, पात्यास तीन भोके, आणि मुठीस लाल दोरा. खलाशी त्याने नेमके काय कापणार, हे चित्र काढणाऱ्यासही सांगता आले नसते. बरे, कोयता हे ऊस तोडण्याचे, नारळ सोलण्याचे प्रामाणिक अवजार. पण गेल्या काही वर्षांत पुण्यात कोयते परजीत रस्त्यावर धुडगूस घालणाऱ्या पोरांच्या बातम्या वाचकांनीही वाचल्या असतील. त्यांतील कित्येकांची वये मी वर्गात हजेरी घेत असे त्या मुलांएवढी असतात. सकाळचे वर्तमानपत्र आणि ते चित्र माझ्या टेबलावर शेजारी शेजारी पडले होते.

चित्रपटाने चोर घडत नाहीत, हे मला ठाऊक आहे. सगळा दोष पडद्यावर लोटणाऱ्यांपैकी मी नव्हे. पण आकार पडद्यावरून बाजारात उतरतात ही गोष्ट खरी. रँबोच्या सुरीच्या नकला जगभर विकल्या गेल्या. मूठ पोकळ, म्हणून पात्याचा मुठीत शिरणारा भाग आखूड. चांगला कारागीर ते कसेबसे निभावून नेतो, स्वस्त नकलेत मूठ आणि पाते यांची फारकत होते. इंग्लंडमध्ये तर भुताखेतांच्या चित्रपटांवरून काढलेल्या भडक रंगांच्या, दातेरी सुऱ्या ‘झाँबी नाइफ’ या नावाने विकू लागल्या. त्यांवर २०१६ साली बंदी घालावी लागली, आणि ती अपुरी पडली म्हणून सप्टेंबर २०२४ मध्ये तिची व्याप्ती वाढवावी लागली. या आकारांपैकी कोणताही भाजीने, दोरखंडाने किंवा लाकडाने मागितलेला नव्हता.

आपल्या कायद्याचेही या ठिकाणी सांगितले पाहिजे. १९५९ च्या शस्त्रकायद्याखालील नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्याची सुरी शस्त्रांत मोडते. घरगुती, शेतकी, शास्त्रीय आणि कारखान्याच्या कामाची तेवढी वगळलेली आहेत. म्हणजे वहिनींची विळी सुटली. हे त्यांस सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, “सरकारला एवढी तरी अक्कल आहे.”

नातवाने कोयत्याचे चित्र परत पाठविले आणि स्वतःचे काढले. जुन्या खलाशांच्या सुरीचे टोक मुद्दाम बोथट ठेवीत असत. पात्याची पाठ पुढे वळून धारेला मिळते, अणकुची राहत नाही. कारण उघड आहे: लाटांवर डोलणाऱ्या जहाजात दोर कापताना पाय घसरला तर टोक आपल्या किंवा शेजाऱ्याच्या पोटात जाऊ नये. धार सरळ असते, म्हणजे दोरखंड फळीवर दाबून एका झटक्यात तुटतो. सोबत गाठी उकलण्यासाठी एक जाड अणकुचीदार दाभण. हा आकार पाहताच हा माणूस समुद्रावरचा आहे असे कळते. आणि मारामारीच्या प्रसंगी नटाच्या हाती टोक नसलेली वस्तू असते, हा त्यातला दुसरा लाभ.

संस्थेचे उत्तर आले: ‘ह्यात दरारा नाही.’

मग महिनाभर वाटाघाटी चालल्या. त्याने पुठ्ठ्याचे चौदा आकार कापले. कोणाची पाठ थोडी अधिक बाकदार, कोणाचे पाते रुंद. मी आणि घरातील मुले आळीपाळीने ते हातात धरून गच्चीच्या दुसऱ्या टोकाला उभे राहत असू आणि तो डोळे किलकिले करून पाहत असे. दुरून, अंधारात, काळी सावली म्हणूनच जे ओळखू येईल तेच त्याच्या मते उपयोगी. मूळ सुरीचे पाते ४ इंचांचे होते. ते धिप्पाड नटाच्या पंजात पेन्सिलीला टोक काढण्याच्या चाकूसारखे दिसे. ते वाढत वाढत ७ इंचांवर थांबले. अखेर तो मुंबईस गेला, नटाच्या मुठीचा ठसा मातीत घेऊन आला आणि त्या ठशाबरहुकूम शिसवी मूठ घडविली. नटाने ती एकदा हातात घेतली ती दुपारचे जेवण होईपर्यंत खाली ठेविली नाही म्हणे. वाद तेथेच मिटला. म्हणजे पुरता मिटला असे नाही. दातेरी कोयता खलनायकास द्यावयाचा ठरले आणि तो दुसऱ्या कारखान्याकडे गेला. खलनायकास तो शोभतो, हे संस्थेचे म्हणणे. पोरे नक्कल करतात ती बहुधा खलनायकाचीच, हे तेहतीस वर्षे वर्ग सांभाळून मला झालेले ज्ञान. ते मी नातवास सांगितले. त्याने मान डोलावली; पण ते काम त्याच्या हातचे नव्हते.

सुरी एक दिसते, पण करावयाच्या असतात अनेक. आमची पेटी सात सुऱ्यांची झाली. खऱ्या पोलादाची, धारेची एक. तिने पडद्यावर दोर कापावयाचा. कॅमेरा अगदी जवळ येतो तेव्हासाठी अ‍ॅल्युमिनियमच्या दोन. त्यांचा काठ दीड मिलिमीटर जाड आणि गोल घासलेला, बोट दाबून फिरविले तरी काही होत नाही. मग ती धारदार कशी दिसते? धारेलगतचा उतार तेवढा आरशासारखा घासावयाचा आणि बाकीचे पाते मंद ठेवावयाचे. प्रकाशाची एक बारीक रेघ काठावर धावते आणि डोळा तिलाच धार समजतो. सबंध पाते चमकते ठेवले तर त्यात दिवे आणि कॅमेराही दिसू लागतो. मारामारीसाठी रबराच्या तीन. आणि सातवी अर्ध्या पात्याची. ती अंगाला टेकविली म्हणजे उरलेले पाते आत शिरले असे वाटते. स्प्रिंगने पाते मुठीत सरकणारी सुरी त्याने केली नाही. अशी स्प्रिंग नव्वद वेळा चालते आणि एक्याण्णवाव्या वेळी अडकते, असे तो म्हणाला. म्हणून व्याजिम प्रकार आमच्या पेटीत आला नाही. संधिम आणि, मुठीवर दोर गुंडाळलेला असल्याने, वेष्टिम हे दोन मात्र आले.

रबरी सुऱ्यांची कृती पाहण्यासारखी होती. आधी मूळ सुरीभोवती सिलिकोनचा साचा दोन भागांत घ्यावयाचा. तो उघडून आत अ‍ॅल्युमिनियमची बारीक पूड मऊ कुंचल्याने फासावयाची, म्हणजे बाहेर येणारे पाते धातूचे दिसते. येथे मला मुनींचे अभ्रक आठवले. द्रव्य निराळे, युक्ती तीच. मग दोन द्रव मोजून एकत्र करावयाचे आणि उंचावरून बारीक धारेने साच्यात ओतावयाचे. धार जाड झाली की आत बुडबुडे अडकतात. पाते लुळे पडू नये म्हणून आत एक चिवट पट्टी घालतात. ती त्याने टोकाच्या इंचभर अलीकडेच संपविली, म्हणजे चुकून डोळ्यास लागले तरी मऊ रबरच लागावे. पहिल्या चार सुऱ्या फुकट गेल्या. त्या दिवसांत गच्चीवर जो वास सुटला त्याने पापड वाळविण्याचे काम खाली अंगणात न्यावे लागले, आणि वहिनींचे मौन आणखी एका आठवड्याने वाढले.

सर्वांत कंटाळवाणे काम ओरखड्यांचे. नायकाच्या सुरीवर जुनेपणाचे अकरा ओरखडे होते. ते सहाही प्रतींवर त्याच जागी, त्याच लांबीचे काढावयाचे. एका दृश्यात ओरखडा आहे आणि पुढच्या क्षणी नाही, हे प्रेक्षकांपैकी कोणीतरी पाहतोच. आमच्या पाठशाळेत पोथीची प्रत दोघे मिळून ताडून पाहत. तसे आम्ही दोघे बसलो, तो ओरखडा सांगे आणि मी खूण करी. माझ्या हातून चित्रपटास झालेली सेवा ती एवढीच.

धारेची सुरी घरात होती तोवर कुलूपबंद पेटीत होती, आणि किल्ली माझ्या जानव्याला. घरात लहान मुले तीन.

खंडेनवमीस आमच्याकडे अडकित्ता, कातर, विळी, सुताराची हत्यारे, माझी लेखणी यांची पूजा होते. नातवाने सात सुऱ्या आणून पाटाशी ठेविल्या. धारेच्या सुरीस हळदकुंकू लागले. रबरी सुऱ्यांपाशी पंचपाळे थांबले. “ह्यांनी काय कापतात?” धाकट्या पणतीने विचारले. काहीच कापीत नाहीत, असे कळल्यावर तिने आजीकडे पाहिले. वहिनींनी क्षणभर विचार केला आणि प्रत्येकीस कुंकू लाविले. “त्याच्या पोटाचे हत्यार आहे,” एवढेच त्या बोलल्या. त्या दिवसापासून पापड पुन्हा गच्चीवर गेले.

चित्रीकरण कार्तिकात झाले. त्याच्या आधी नातवाने मजला एक बातमी वाचून दाखविली होती. २००८ च्या डिसेंबरात व्हिएन्ना येथील बुर्गथिएटरात शिलरच्या ‘मारिया स्टुअर्ट’ नाटकाच्या प्रयोगात एका नटाने आत्महत्येच्या प्रसंगी गळ्यावर सुरी फिरविली. सुरी बोथट केलेली नव्हती. रक्त खरे आले. नट सुदैवाने वाचला. त्या रात्री सुरी ज्याने टेबलावर मांडून ठेविली असेल, त्याचे पुढे काय झाले असेल, असे नातू मजला विचारीत होता. मला काय सांगता येणार?

म्हणून त्याने स्वतःपुरता एक नियम केला. धारेच्या सुरीच्या मुठीत तळाशी पिवळ्या धाग्याचे दोन वेढे; बाकीच्यांस नाहीत. दोर कापण्याचे दृश्य झाले की ती त्याने स्वतः नटाच्या हातून घ्यावयाची, पेटीत घालावयाची, कुलूप लावावयाचे, आणि मगच दुसऱ्या नटास आत येऊ द्यावयाचे. कागदावर हे सोपे आहे. प्रत्यक्षात त्या दिवशी सूर्य बुडत होता. दोर कापला गेला, दृश्य उत्तम वठले, आणि तेथल्या एका वरिष्ठाने आज्ञा केली की, सुरी बदलण्यात वेळ घालवू नये, हीच हातात ठेवून पुढील झटापट उरकावी. नट अनुभवी आहेत, कोणाला काही होणार नाही. नातवाने सुरी मागितली. त्याला बाजूला होण्यास सांगण्यात आले. तो बाजूला झाला नाही. दोघांच्या मध्ये हात पुढे करून उभा राहिला. शे-दीडशे माणसे थांबली होती. अखेर नटानेच सुरी त्याच्या हातावर ठेविली. तिची मूठ पुसून, पेटीत घालून, रबरी सुरी बाहेर काढीपर्यंत उजेड गेला. झटापट दुसऱ्या दिवशी चित्रित करावी लागली, आणि त्या दिवसाचा खर्च कोणामुळे झाला हे सर्वांसमक्ष सांगण्यात आले.

दुसऱ्या दिवशीच्या झटापटीत प्रतिनायकाचा पाय वाळूत फसला आणि नायकाचा हात त्याच्या कानाखाली आदळला. कातडीवर अ‍ॅल्युमिनियमच्या पुडीचा एक राखाडी पट्टा उमटला. तो ओल्या कापडाने पुसला.

त्या संस्थेने पुढच्या चित्रपटास त्याला बोलाविलेले नाही. सध्या तो एका नाट्यसंस्थेसाठी शिंदेशाही पगड्या करतो आहे; पैसे कमी, पण पगडीस टोक नसते. सुऱ्या संस्थेकडे गेल्या. साचे मात्र आमच्या जिन्याखाली आहेत, आणि पुठ्ठ्याच्या चौदा आकारांपैकी सात-आठ मुलांनी खेळात मोडले. उरलेले मी नाट्यशास्त्राच्या प्रतीत, त्या अध्यायापाशी, घालून ठेविले आहेत.